बारा तारखेच्या चिठ्ठ्या

२०२३ च्या लक्ष्मीपूजनाला आम्ही चौघं कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये तंबू ठोकून होतो. आरक्षण नव्हतं, सुट्टी जोडून आलेला वीकएंड होता, आणि तरी जागा मिळाली. ती आईने मिळवली. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच तंबूत झोपायला निघालेल्या आईने एक छोटी वही, एक पेन आणि दोन पाय यांच्या जोरावर जे केलं, ते मला पंधरा दिवस स्क्रीनपुढे बसून जमलं नव्हतं. म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

आई सप्टेंबरात आमच्याकडे आली. ऑक्टोबर संपत आला तेव्हा एका रात्री बाल्कनीत उभी राहून म्हणाली, "इथेही चांदण्या नाहीत गं. आता अमावास्येचं आकाश कुठे दिसतं की नाही?" दिसतं, आणि आमच्या घरापासून गाडीने अडीच-तीन तासांवर दिसतं. जोशुआ ट्रीला २०१७ पासून 'इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क' हा दर्जा आहे. कॅलेंडर काढलं, तर अश्विन अमावास्या १२ नोव्हेंबरला, रविवारी. आदल्या दिवशी, शनिवारी, व्हेटरन्स डे, म्हणजे माजी सैनिकांचा दिवस; त्याची सरकारी सुट्टी शुक्रवारी दिलेली. म्हणजे काळंकुट्ट आकाश हवं असणारे, खडक चढणारे आणि सलग तीन दिवस सुट्टी मिळालेले असे सगळे एकदम तिथे जाणार. त्यात नोव्हेंबर हा वाळवंटातला सुखाचा महिना. तिथला हंगाम ऑक्टोबर ते मेपर्यंत असतो. उन्हाळ्यात फारसं कोणी फिरकत नाही.

आधी या पार्कमधल्या जागांची मांडणी सांगते, कारण ती कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. एकूण जागा पाचशेच्या आसपास. जंबो रॉक्समध्ये १२४, इंडियन कोव्हमध्ये १०१, ब्लॅक रॉकमध्ये ९९, कॉटनवुडमध्ये ६२, रायनमध्ये ३१; या पाचांचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी खुलं होतं. उरलेली तीन, म्हणजे हिडन व्हॅलीच्या ४४, बेलच्या १८ आणि व्हाइट टँकच्या १५ जागा, तेव्हा आधी येईल त्याच्या होत्या. पार्कमध्ये वर्षाला तीस लाखांच्या आसपास माणसं येतात, हे लक्षात घेतलं की हे आकडे किती तोकडे आहेत ते समजतं. आणखी एक गोष्ट स्क्रीनवर लक्षात येत नाही. इंडियन कोव्ह आणि ब्लॅक रॉक यांना पार्कच्या आतून गाडीरस्ताच नाही. त्यांचे रस्ते बाहेरच्या गावांकडून येतात. दोन्ही जागा सुंदर आहेत, पण तिथे मुक्काम करून आतलं पाहायचं तर रोज बाहेर पडून फेरा मारायचा.

मी आरक्षणाचा तक्ता उघडला तेव्हा ११ आणि १२ तारखांखाली सगळे चौकोन 'आर', म्हणजे रिझर्व्ह्ड. त्या तारखा मे महिन्यात खुल्या झालेल्या. आता एकच आशा, कोणी रद्द केलं तर. जागा मोकळी झाली की कळवा, अशी सूचना मी लावून ठेवली.

रद्द करण्याच्या नियमात एक मेख आहे, ती मला बरीच उशिरा उमगली. आरक्षण कधीही रद्द केलं तरी दहा डॉलर कापतात. पण पोचायच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी रद्द केलं, तर वर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. त्यामुळे ज्यांचं मन डळमळीत असतं ते दोन दिवस आधी निर्णय घेतात. शनिवारी पोचणारे गुरुवारी रात्री रद्द करतात. त्या गुरुवारी, ९ तारखेला, रात्री अकराच्या सुमारास माझा फोन वाजायला लागला. जंबो रॉक्स, शनिवार. उघडेपर्यंत गेली. रायन, शनिवार. तीही गेली. मग ब्लॅक रॉकमध्ये रविवारच्या रात्रीची एक जागा दिसली आणि ती दोन-तीन मिनिटं जागची हलली नाही.

"घेऊन टाक," नवरा म्हणाला.

"तिथे युक्का व्हॅलीचे दिवे दिसतील रे. आईला आकाश दाखवायचंय."

मी ती घेतली नाही. शनिवारी रात्री मला या हट्टाचा फार पश्चात्ताप झाला. आता कोणी विचारलं तर सांगेन, मनासारखी नसली तरी हातातली जागा घ्यावी. मात्र नको झाली की वेळेत रद्दही करावी. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं का आहे, ते पुढे येतंच.

शनिवारी सकाळी निघालो. गाडीत तंबू, चार झोपण्याच्या पिशव्या, आईसाठी घडीची खाट, आणि पाणी. पार्कच्या मधल्या भागात नळ नाही. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बरोबर ठेवा असं पार्कवाले सांगतात. आम्ही बारा गॅलन भरून घेतलं होतं. सरपणही घरूनच, कारण तिथली वाळलेली काडीसुद्धा उचलायला मनाई आहे.

व्हेटरन्स डेला राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट होता. एरवी एका गाडीला सात दिवसांचे ३० डॉलर पडत. आमच्याकडे ५५ डॉलरचा वार्षिक पास होताच, त्यामुळे आम्हाला फुकटाचा फायदा नव्हता, तोटा मात्र झाला. पश्चिमेच्या फाटकाबाहेर गाड्यांची मोठी रांग. कॅम्पिंगचं भाडं त्या दिवशीही माफ नसतं, पण गर्दीला ते कोण सांगणार! फाटकाशी फलक होता, सगळी कॅम्पग्राउंड भरली आहेत म्हणून. त्याच्या पुढे मोबाइलची रेंजही गेली. सूचना, तक्ता, नकाशा सगळं तिथे संपलं.

"आता?" नवऱ्याने विचारलं.

"आलोय तर बघून तरी येऊ," आई मागून म्हणाली.

हिडन व्हॅलीत शिरलो तेव्हा बारा वाजत आले होते. तिथले खडक प्रचंड मोठे, एकावर एक रचल्यासारखे, अंगाने खरखरीत. दहा कोटी वर्षांहून आधी जमिनीच्या पोटात थिजलेला हा शिलारस. वरची माती झिजून गेली आणि खडक उघडे पडले. त्यांच्या कुशीत एकेक जागा: एक टेबल, शेगडीचं लोखंडी कडं, गाडीपुरती मोकळी जमीन. अरुंद वळणाच्या रस्त्यावर आमच्यापुढे चार गाड्या पायी चालण्याच्या वेगाने सरकत होत्या आणि मागे तीन. सगळ्यांचे चेहरे खिडकीबाहेर. तंबूंपुढे बसलेली माणसं आम्हाला बघून मान हलवत. त्यांचंही खरंच होतं. सकाळपासून कितव्यांदा हलवत असतील कोण जाणे.

"ही रिकामी आहे! बाबा, थांब!" लेक ओरडली.

खरंच तंबू नव्हता, गाडी नव्हती. टेबलावर एक निळी बादली फक्त. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि आई उतरली. मला वाटलं पाय मोकळे करायला उतरली. ती सरळ जागेच्या तोंडाशी असलेल्या बुटक्या लाकडी खांबापाशी गेली, चष्मा वर सरकवून वाकली आणि खांबाला अडकवलेली चिठ्ठी वाचायला लागली.

"ही भरलेली आहे गं. पैसे दिलेत. बारा तारखेपर्यंत."

तेव्हा मला ती चिठ्ठी पहिल्यांदा 'दिसली'. या आरक्षण नसलेल्या जागांची पद्धत तेव्हा अशी होती: रिकामी जागा धरायची, कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी असलेल्या पेटीतून पाकीट घ्यायचं, त्यावर जागेचा आकडा, गाडीचा नंबर आणि कधीपर्यंत राहणार ती तारीख लिहायची, पैसे आत घालून पाकीट जाड लोखंडी नळीत टाकायचं आणि पाकिटाची फाडलेली पट्टी आपल्या खांबाला लावायची. तंबू असो नसो, चिठ्ठी असली की जागा भरलेली. लोक दिवसभर चढाईला जातात, गाडी घेऊन जातात, जागा ओकीबोकी दिसते. आणि उलटंही असतं: भरगच्च दिसणाऱ्या जागेच्या चिठ्ठीवर उद्याची तारीख असते.

या उलट्या बाजूचा विचार आईने तिथेच केला. तिने पर्समधून हिशेबाची वही काढली. "तुम्ही गाडीतून तंबू बघताय," ती म्हणाली, "मी तारखा बघते." आणि चालायला लागली.

ती आणि लेक दोघी मिळून सगळं हिडन व्हॅली पायी फिरल्या. आम्ही गाडी बाहेर इंटरसेक्शन रॉकच्या वाहनतळावर लावून वाट बघत बसलो. तासाभराने दोघी आल्या. वहीच्या पानावर आजीच्या अक्षरात आकडे आणि नातीच्या अक्षरात बरोबरच्या खुणा. एकोणीस जागांवर बारा तारीख. त्याच शनिवारी निघणाऱ्या दोन होत्या, पण दोन्हीकडे नवी माणसं आधीच येऊन बसलेली. एका तरुणाच्या मोठ्या जागेवर एकच छोटा तंबू होता. एका जागेवर सहा माणसं, तीन तंबू, दोन गाड्या चालतात. म्हणून आईने त्याला खुणेने विचारलं आणि लेकीने भाषांतर केलं. तो म्हणाला, आनंदाने दिली असती, पण सकाळीच एका जोडप्याला हो म्हटलंय. असं विचारणं तिथे कोणाला गैर वाटत नाही, हे त्याच्या बोलण्यावरून कळलं.

तिथून जंबो रॉक्सकडे. इथे सगळ्या जागा आरक्षित, पण आम्हाला दक्षिणेकडे जायचं होतं आणि ते वाटेवरच होतं. इथे मी जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही. दुपारचे अडीच झाले होते आणि निदान चार जागा पूर्ण रिकाम्या. सामान नाही, काही नाही. कॅम्पग्राउंड सांभाळणारे वयस्कर गृहस्थ होते, त्यांना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, आरक्षणवाला आला नाही तरी जागा दुसऱ्या दिवशी निघण्याच्या वेळेपर्यंत, म्हणजे दुपारी बारापर्यंत, त्याच्यासाठी राखून ठेवावी लागते. कोणी रात्री दहाला पोचतं, कोणाची गाडी वाटेत बिघडते. "काल रात्रीही काही तशाच गेल्या," ते म्हणाले. त्यांच्याही चेहऱ्यावर खंत होती.

नियम बरोबर आहे. रात्री दमून येणाऱ्याला आपल्या जागेवर दुसऱ्याचा तंबू दिसला तर काय होईल? पण जे येणारच नव्हते आणि ज्यांना हे शुक्रवारीच ठाऊक होतं, त्यांच्याबद्दल मला मनापासून राग आला. रद्द केलं असतं तर काही मिनिटांत ती जागा कोणाला तरी मिळाली असती. नुसता आळस म्हणून एक जागा रात्रभर रिकामी राहते आणि फाटकावरून माणसं परत जातात. एकदा आत आलं की रेंज नाही, त्यामुळे इथून रद्द करणंही शक्य नाही. जे करायचं ते घर सोडण्याआधी.

पुढे बेल, मग पिंटो बेसिन रोडवर व्हाइट टँक. दोन्हीकडे आईने तेच केलं: उतरायचं, चालायचं, वाकायचं, लिहायचं. बेलमध्ये बारा तारखेच्या सात. व्हाइट टँकमध्ये चार: तीन, सात, नऊ आणि चौदा क्रमांक. व्हाइट टँक ही छोटी, आडबाजूची जागा. गुरं पाळणाऱ्यांनी पूर्वी इथे पाणी अडवायला टाकं बांधलं होतं, त्यावरून नाव पडलं. आई म्हणाली, "टाकं म्हणजे आपलंच की." ही जागा तिच्या मनात भरली, हे मला तेव्हाच कळलं.

झोपायला कुठे जायचं? वाहनतळावर किंवा रस्त्याकडेला गाडीत झोपायला पार्कमध्ये परवानगी नाही. उरला एकच मार्ग: पिंटो बेसिन ओलांडून दक्षिणेच्या फाटकातून बाहेर पडायचं. फाटकाबाहेर, दहा क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाच्या अलीकडे, सरकारची मोकळी जमीन आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. तिथे फुकट तंबू ठोकता येतो. त्या रस्त्यावर उतरता उतरता जोशुआची झाडं विरळ होतात आणि नाहीशी होतात, कारण मोहावे वाळवंट संपून खालचं, जास्त तापणारं कोलोरॅडो वाळवंट सुरू होतं. चोया निवडुंगाच्या बागेपाशी ऊन कलतं होतं आणि प्रत्येक काट्याभोवती पिवळी कड चमकत होती. लेक म्हणाली थांबू या, मी म्हटलं उद्या. अंधार पडायच्या आत तंबू उभा करायचा होता. नोव्हेंबरात पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो.

त्या रात्रीबद्दल फार लिहीत नाही. टेबल नाही, शौचालय नाही, पाणी नाही. वारा सुटला होता. महामार्गावरचे ट्रक रात्रभर, आणि पश्चिमेला कोचेला खोऱ्यातल्या शहरांचा उजेड आभाळावर. आई कुरकुरली नाही. पण रात्री दोनदा तिला घेऊन अंधारात झुडपांआड जाताना ब्लॅक रॉकची ती न घेतलेली जागा मला आठवत होती, तिथली चांगली शौचालयंही आठवत होती.

पहाटे पाचला उठलो. झोपताना आईने वहीचं पान पुन्हा एकदा पाहिलं होतं आणि सरळ सांगितलं होतं: दक्षिणेकडून वर जाताना आधी व्हाइट टँक लागतं, मग बेल, हिडन व्हॅली सर्वांत लांब. हिडन व्हॅलीत एकोणीस जागा सुटणार असल्या तरी सगळी गर्दीही तिथेच असणार. पहिली चार घरं आधी बघायची. 'घरं' हा तिचाच शब्द.

वाटेत कॉटनवुडला तोंडं धुतली, पाण्याचे कॅन पुन्हा भरले. व्हाइट टँकला पोचलो तेव्हा सात वाजायला थोडा वेळ होता. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते, त्यामुळे सहाच्या आत जाऊन लोकांच्या तंबूंवर दिवे मारणं बरं दिसत नाही. तीन क्रमांकावर वेगळीच गाडी उभी. रातोरात कोणीतरी निघून गेलं होतं आणि दुसरं आलं होतं. नऊ क्रमांकाची चिठ्ठी बदललेली, बाराऐवजी तेरा. त्यांनी मुक्काम एका रात्रीने वाढवला होता. ही शक्यता आमच्या हिशेबात नव्हती. चौदावर तंबूची चेन बंद, आत घोरणं. उरला सात.

सातवर एक पन्नाशीचं जोडपं दुर्बीण आवरत होतं. तिची लांब पांढरी नळी त्यांनी पांघरुणात गुंडाळून गाडीत आडवी ठेवली, तान्ह्या बाळाला ठेवावी तशी. आम्ही थोडं पुढे गाडी थांबवली. डोक्यावर जाऊन उभं राहायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. शेवटची सकाळ असते, माणसाला ती घाईत घालवायची नसते. मी एकटी चालत गेले, सुप्रभात म्हटलं आणि विचारलं, "आज निघताय का? घाई अजिबात नाही. बारापर्यंत वेळ आहे तुमचा."

त्या बाई हसल्या. "अजून अर्धा तास लागेल. पण तुमची गाडी आत्ताच इथे आमच्या शेजारी लावा. बाहेर उभे राहाल तर दुसरं कोणी येईल."

आम्ही गाडी आत घेतली. पाच मिनिटं झाली नसतील, एक गाडी वळणावरून आली, मंदावली, आमच्या दोन गाड्या पाहून पुढे गेली. त्या गाडीतल्या बाईंचा चेहरा आदल्या दुपारच्या माझ्या चेहऱ्यासारखाच होता. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं, चौदा क्रमांकाची तारीख आजची आहे, माणसं अजून झोपली आहेत, आणि बेलमध्येही सात आहेत. आईने वहीतून बेलचे आकडे एका कागदावर उतरवून दिले.

आता पैसे. इथे अनेकजण चुकतात. सगळे मिळून पाकीट आणायला जातात आणि परत येईपर्यंत जागेवर दुसऱ्याची खुर्ची असते. त्या जोडप्याची गाडी निघाली तशी आईला आमच्या खुर्चीवर टेबलापाशी बसवलं, लेकीला तिच्या शेजारी, आणि मी पेटीकडे गेले. त्या वर्षी तिथे एका रात्रीचे १५ डॉलर होते. लोखंडी नळी सुटे देत नाही. मी दहाची एक आणि पाचची एक नोट घरूनच वेगळी बांधून आणली होती. तेवढं तरी स्क्रीनवर वाचून शिकले होते. पेन मात्र विसरले. परत गेले, आईकडून पेन घेतलं. पाकिटावर लिहिलं: जागा ७, गाडीचा नंबर, १३ नोव्हेंबर. पाकीट नळीत पडल्याचा बारीक आवाज झाला. पट्टी आणून खांबाला लावायला गेले, तर आई म्हणाली, "थांब, मी लावते." जुनी चिठ्ठी काढून तिने वहीत ठेवली आणि आमची चिमट्यात नीट सरळ बसवली, तारीख बाहेरच्या बाजूला, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता येईल अशी.

खरी गोष्ट सांगायची तर दुपारी तीनपर्यंत व्हाइट टँकमध्ये आणखी दोन जागा मोकळ्या झाल्या आणि त्यातली एक सूर्यास्तापर्यंत तशीच होती. रविवारची दुपार अशी असते. शाळा-ऑफिसवाले परतलेले असतात आणि मधल्या वारांची निवांत माणसं अजून पोचायची असतात. कोणाला सोमवारी सुट्टी घेता येत असेल, तर त्याने शनिवारच्या झोंबाझोंबीत पडूच नये. रविवारी जेवून निघावं. आम्हाला हे आधी कळलं असतं तर ट्रकांची रात्र टळली असती. पण अमावास्या एकच होती आणि आईचं परतीचं तिकीट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचं होतं. पुन्हा तीच वेळ आली तर मी पहाटेच जाईन.

संध्याकाळी आईने टेबलावर स्वच्छ रुमाल पसरला, बरोबर आणलेली लक्ष्मीची छोटी तसबीर त्यावर ठेवली. उघडी पणती लावायची नाही, असं तिनेच ठरवलं. आग फक्त शेगडीच्या कड्यात, हा नियम तिने फलकावर वाचला होता. शेगडी पेटवली, तिलाच नमस्कार केला, चिवडा-लाडू खाल्ले. सातच्या आत निखारे विझवले. टॉर्चला लाल कापड बांधलं, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही. मग खाट उघड्यावर ओढली आणि आईला तिच्यावर दोन पांघरुणांत गुंडाळून झोपवलं.

पश्चिमेला हंस उतरत होता आणि तिथून आकाशगंगा माथ्यावरून शर्मिष्ठेतून पूर्वेकडे गेलेली, मधे मधे काळे डाग पडलेली, धुरासारखी. पूर्वेला गुरू इतका तेजस्वी की लेकीला ते विमान वाटलं. त्याच्या खाली डावीकडे कृत्तिका वर आल्या होत्या. आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झालेली. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि बोट वर करून मोजायला लागली. लेक शेजारी वहीवर लाल उजेड धरून बसली होती.

"पाच… सहा," आई म्हणाली. "थांब, घाई करू नकोस. सहा लिही." आणि बऱ्याच वेळाने, "आहे गं, कडेला आहे. सात कर."